बियाण्याला किरण दिले म्हणून खारपट जमीन पिकत नाही

बडोद्यातल्या काही मराठी घरांची शेती अजून भरूच जिल्ह्यातल्या जंबुसर-आमोदकडे, खारपट पट्ट्यात आहे. त्यामुळे सध्या फिरणारा एक मेसेज इथल्या ग्रुपांवर जरा जास्तच पसरलाय. त्याचा आशय असा: पेरणीआधी बियाण्याला गॅमा किरण द्या, ते खाऱ्या जमिनीत बिनधोक येतं, गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो आणि जमीन सुधारायचा खर्च वाचतो. खाली भाभा अणुसंशोधन केंद्राचं नाव जोडलंय. लोक पैसे मोजायला निघालेत, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘किरण दिले की बी खार सोसतं.’ यात थोडं तथ्य आहे. अगदी कमी मात्रेने, म्हणजे काही ग्रे (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचं एकक) ते फार तर शंभरेक ग्रे, उगवण आणि मुळांची वाढ सुधारल्याचं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. पण त्यातले पुष्कळसे प्रयोग कुंडीतले, मोजून मीठ घातलेल्या पाण्यावरचे आणि रोपावस्थेपुरते आहेत. योग्य मात्रा पिकागणिक, वाणागणिक, अगदी बियाण्यातल्या ओलाव्यागणिक बदलते. शंभर ग्रेच्या आसपासची मात्रा कांद्याला देतात ती त्याला कोंब फुटू नयेत म्हणून! आणि ‘जवळच्या इरॅडिएशन प्लांटमध्ये (मालाला किरण देणाऱ्या कारखान्यात) बियाणं देऊन या’ हा सल्ला तर घातकच. मसाल्यांना तिथे ६ ते १४ किलोग्रे, म्हणजे हजारो ग्रे देतात; एवढ्या माऱ्यातून निघालेलं बी पेरून पीक येणार नाही.

‘गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकतो.’ मेसेजची खरी गफलत इथे आहे. कमी मात्रेचा फायदा त्या रोपापुरता असतो, पुढच्या वर्षीच्या बियाण्यात तो उतरेल असं धरून चालता येत नाही. टिकाऊ गुण हवा तर जनुकात बदल व्हावा लागतो. त्यासाठी मात्रा बरीच जास्त लागते, भाताला साधारण २०० ते ३०० ग्रे, आणि बदल नेमका कुठे होईल हे कुणाच्या हातात नसतं. बहुतेक बदल निरुपयोगी किंवा अपायकारक निघतात. चांगले असले तरी बरेचसे दुसऱ्या पिढीतच दिसतात. मग हजारो रोपांतून निवड, पुढच्या पिढ्यांत गुण स्थिर करणं, ठिकठिकाणच्या चाचण्या, यात वर्षं जातात. भाभा केंद्राचा टीएजी-२४ हा भुईमूग या वाटेने आला. व्हिएतनामने आयआर-६४ भातापासून खार सोसणारा व्हीएनडी ९५-२० काढला, तोही असाच. हे मोठं आणि मोलाचं काम आहे, म्हणूनच त्याच्या नावावर भलतंच काही विकलं जाताना राग येतो. या कामातून शेतकऱ्याच्या हाती येतं ते पारखलेलं वाण, नुसतं किरण दिलेलं बी नव्हे.

‘जमिनीचा खर्च वाचतो.’ बी कोणतंही पेरा, मीठ शेतातच राहतं. आपल्याकडच्या भारी काळ्या जमिनीत निचरा मंद. पाणी वर चढून सुकलं की क्षार पृष्ठभागावर येतात. त्याला चर आणि क्षार धुऊन काढणारं गोडं पाणीच लागतं. जिप्समचा खरा उपयोग सोडियम जास्त असलेल्या चोपण जमिनीत, नुसत्या खारट जमिनीत नाही. हा फरक न पाहता खर्च करणारेही आहेत. पिकाची निवडही महत्त्वाची: मातीतल्या क्षाराचं माप म्हणजे विद्युतवाहकता; कापूस ती ७.७ डेसिसायमन प्रति मीटरपर्यंत उतारा टिकवतो, गहू ६ पर्यंत, घेवडा मात्र १ ओलांडताच घटू लागतो.

उलट बाजूने ‘असलं धान्य किरणोत्सारी असतं’ ही भीतीही पसरतेय. तीही खोटी. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांत धान्याला किरणोत्सारी करण्याइतकी ऊर्जा नसते.

आधी मातीचा नमुना द्या. विद्युतवाहकता, सामू (पीएच) आणि विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला सोडियम), तिन्ही आकडे मागा. केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेचं केंद्र भरूचलाच आहे, आणि त्यांचं काम नेमकं याच काळ्या खारपट जमिनींवर चालतं. बियाणं विकणाऱ्याला विचारा: मात्रा किती ग्रे, कोणत्या वाणाला, आणि खाऱ्या शेतात साध्या बियाण्याच्या शेजारी लावून किती हंगाम पाहिलंय? उत्तर लेखी मागा.