वाढत्या अंगाचा हिशेब

दर रविवारी सकाळी आठ वाजता आमच्या दादरच्या घरात चिरंजीवांची उंची मोजली जाते. माझे वडील निवृत्त ड्राफ्ट्समन असल्यामुळे मुलाला दाराशी उभे करून पेन्सिलीने अंदाजे रेघ ओढणे त्यांना मंजूर नाही. ओळंबा सोडून चौकटीची परीक्षा झाल्यावर नातवाच्या टाचा, खांदे आणि डोके मागे टेकवले जाते, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाचे भोक एका पातळीत आणले जाते आणि मग डोक्यावर काटकोनी गुण्या बसतो. शास्त्राची रीत हीच आहे, याबद्दल माझा वाद नाही. परंतु सात वर्षांचे मूल अशा अवस्थेत क्षणभरही स्थिर राहत नसल्याने त्याच्या टाचा दाबून धरण्याचे काम माझ्याकडे आले आहे, आणि ते संपेपर्यंत पोहे गार होतात.

या वयाचे मूल वर्षाकाठी साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढते, म्हणजे आठवड्याला जेमतेम एक मिलिमीटर. उलट मणक्यांमधल्या चकत्या दिवसभर दबतात आणि रात्री झोपेत पाणी शोषून पुन्हा फुगतात, त्यामुळे कोणीही माणूस संध्याकाळपेक्षा सकाळी सुमारे एक सेंटिमीटर उंच भरतो. मध्यंतरी एका लग्नामुळे मोजणी संध्याकाळवर गेली आणि वहीत मुलगा चक्क आठ मिलिमीटरने आखडला. आईने ताबडतोब मीठमोहऱ्या ओवाळल्या. तो तान्हा असताना मी त्याला ओलांडून पंखा लावायला गेलो होतो, हा माझा जुना गुन्हाही त्या निमित्ताने पुन्हा पटलावर आला.

फ्रान्समधल्या माँबेयार नावाच्या उमरावाने १७५९ ते १७७७ अशी अठरा वर्षे आपल्या मुलाची उंची टिपून ठेवली होती. एकाच मुलाच्या वाढीची ही जगातली सर्वांत जुनी सलग नोंद मानली जाते. तो साधारण सहा महिन्यांतून एकदा मोजत असे, हे मी मोठ्या आशेने बाबांच्या कानावर घातले. त्यांना त्यात उमरावाचा आळस दिसला.

शेवटी वही घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी २०१५ साली सुधारलेल्या तक्त्यावर त्यांनी टिंब दिले आणि "पंचविसावा पर्सेंटाइल" असे सहज सांगितले. ज्या घरात सीईटीचे निकाल लागून गेले आहेत तिथे हा आकडा सहज घेतला जात नाही. "अहो डॉक्टर, एवढ्यावर कुठे ॲडमिशन मिळणार?" असे आईने काकुळतीने विचारले. त्याच्या वयाच्या शंभर मुलांत साधारण पंचवीस त्याच्याहून बुटकी असतात, एवढाच त्याचा अर्थ असून टिंब कुठे आहे यापेक्षा मूल आपली रेघ धरून चालले आहे की नाही ते महत्त्वाचे, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावले. मग आईवडिलांच्या उंचीची बेरीज, मुलगा म्हणून त्यात तेरा सेंटिमीटर आणि त्याचे निम्मे, असा हिशेब मांडून त्यांनी भविष्यातला अंदाज काढला. मी १६४, सौ. १५५, म्हणून चिरंजीव १६६ च्या आसपास. सदोष नकाशाकडे पाहावे तसे बाबा माझ्याकडे पाहत राहिले. तो नकाशा कोणी काढला होता, हे मी बोललो नाही. डॉक्टरांनी पुढे मुलगा बुटांच्या नाड्या स्वतः बांधतो का, ऐकलेली गोष्ट क्रमाने सांगतो का, हेही विचारले. दोन्हींची उत्तरे होकारार्थी होती, परंतु ती मिलिमीटरमध्ये नसल्याने वहीत चढली नाहीत.

मे महिन्यात आम्ही मुंबईबाहेरच्या एका वॉटरपार्कला गेलो. रेल्वे निदान वयावर विश्वास ठेवते आणि वेगळी जागा मागितली नाही तर पाच ते बारा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तिकिटात नेते; इथे मात्र खिडकीशेजारी रंगवलेला पट्टा होता आणि त्याच्या वर डोके गेले की पूर्ण तिकीट. मोठ्या घसरगुंडीसाठी उंच दिसायचे आहे म्हणून चिरंजीवांनी टाचा उचलल्या, सौ.ने त्याच्या खांद्यावर मायेने हात ठेवून त्याला खाली दाबले आणि बाबांनी पिशवीतून गुण्या काढला. टाचा धरण्यासाठी मी सवयीने खाली बसलो. डोके पट्ट्याच्या चार मिलिमीटर वर निघाले.

"हा सकाळचा उंच आहे," बाबा खिडकीतल्या मुलाला मणक्यांच्या चकत्या समजावून देऊ लागले, "संध्याकाळी मोजलात तर अर्ध्या तिकिटात बसेल."

"मग संध्याकाळी या, आजोबा," तो म्हणाला, "पार्क सहाला बंद होतं."