‘सेफ्टी फॅक्टर सात आहे, उचला बिनधास्त’

कारखान्यांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर हा मजकूर अधूनमधून फिरतो. त्याचा सारांश असा: लोड उचलायच्या कापडी बेल्टला सातपट आणि वायर रोपला पाचपट सेफ्टी फॅक्टर असतो (म्हणजे लिहिलेल्या क्षमतेच्या तेवढ्या पट भाराला ते तुटतात), क्रेनची सव्वापट लोडवर टेस्ट झालेली असते, तेव्हा थोडा जास्त लोड चालतो. दोन बेल्ट लावले की क्षमता दुप्पट. हायड्रावर (लोड घेऊन चालणाऱ्या चाकांच्या क्रेनवर) 14 टन लिहिले आहे म्हणजे ती 14 टन उचलते. आणि वर्षाचे सर्टिफिकेट फाइलला असेल तर रोज बघत बसायचे कारण नाही. यातले आकडे बरेचसे खरे आहेत, म्हणूनच मजकूर पटतो. निष्कर्ष मात्र एकूण एक चुकीचे आहेत.

पॉलिएस्टर बेल्टला 7, वायर रोप स्लिंगला (लोड हूकला अडकवायच्या दोराला) 5, ग्रेड 80 च्या साखळीला 4, हे बरोबर. पण तो आकडा नव्याकोऱ्या, सरळ उभ्या ताणलेल्या स्लिंगचा. तीच स्लिंग फास घालून लावली की क्षमता 80 टक्क्यांवर येते. लांबी कमी करायला गाठ मारली तर निम्म्याच्या आसपास. त्यात ऑपरेटरने झटका दिला, कास्टिंगच्या धारेखाली पॅड ठेवले नाही, की मार्जिन तिथेच संपते. त्यावर लोडही वाढवणे म्हणजे एकच रुपया दोनदा खर्चणे. रसायनांचे तर वेगळेच: आम्ल नायलॉनला खाते, कॉस्टिक सोडा पॉलिएस्टरला, आणि बेल्ट वरवर धडधाकट दिसतो. टॅगचा रंग बघा. निळा असेल तर पॉलिएस्टर, हिरवा असेल तर नायलॉन. टॅगच नसेल तर बेल्ट बाजूला काढा, त्यावर चर्चा नको.

सव्वापट टेस्ट ही क्रेन बसवताना किंवा मोठ्या दुरुस्तीनंतर, खालची जागा रिकामी करून, सावकाश केलेली परीक्षा असते. रोज तेवढाच लोड घेतला तर ब्रेक लायनिंग झिजते, गर्डरच्या वेल्डमध्ये बारीक चिरा सुरू होतात. चीर पडली तरी क्रेन त्या दिवशी काम करतेच. गोंधळ होतो तो त्यामुळेच.

दोन बेल्टांचे गणित सर्वांत जास्त फसवते. 2 टनांचा जॉब (उचलायची वस्तू), 1-1 टनाचे दोन जांभळे बेल्ट. दोन्ही उभे असतील तर प्रत्येकावर 1 टन. दोघांमधला कोन 60 अंश झाला की प्रत्येकावर सुमारे 1.15 टन, 90 अंशांना 1.41, आणि 120 अंशांना प्रत्येकावर पूर्ण 2 टन. कोनमापक लागत नाही: जॉबवरच्या दोन टोकांमधले अंतर एका बेल्टच्या लांबीइतके असेल तर कोन 60 अंश. अंतर त्याहून जास्त दिसले तर लांब बेल्ट घ्या किंवा स्प्रेडर बीम (बेल्ट उभे ठेवणारा आडवा दांडा) लावा. चार पायांच्या साखळीतही, जॉब कडक असेल तर बहुतेक वजन दोनच पायांवर येते. तिरप्या ओढीत आय-बोल्टची (जॉबमध्ये बसवायच्या कडीच्या बोल्टची) अवस्था आणखी वाईट: 45 अंशांना कॉलरवाल्या बोल्टचीही बहुतांश क्षमता जाते, बिनकॉलरचा तर फक्त सरळ उभ्या ओढीसाठीच असतो.

हायड्रावरचे 14 टन म्हणजे बूम आत, रेडियस (क्रेनपासून हूकपर्यंतचे आडवे अंतर) कमीत कमी, जमीन पक्की आणि सपाट. बूम बाहेर काढत गेलात की लोड चार्टमधला (कुठल्या रेडियसला किती लोड ते सांगणाऱ्या तक्त्यातला) आकडा झपाट्याने उतरतो. लोड घेऊन वळताना चेसिस मधून दुमडते, तेव्हा क्षमता आणखी घटते. चार्ट केबिनमध्ये लावलेला नसेल तर ती क्रेन गेटवरूनच परत पाठवावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आता सर्टिफिकेट. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 29 ने उचलयंत्रे, साखळ्या, दोर यांची सक्षम व्यक्तीकडून 12 महिन्यांतून किमान एकदा तपासणी सांगितली, लिफ्ट आणि हॉइस्टसाठी कलम 28 ने 6 महिन्यांची. ‘किमान’ हा शब्द मजकुरात नेमका गळतो. तपासणीच्या दुसऱ्याच दिवशी बेल्ट धारेवर कापला गेला तरी कागद वर्षभर वैध दिसत राहतो.

शिफ्टच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटे पुरतात. रिकामा हूक हळू वर नेऊन वरचा लिमिट स्विच वीज तोडतो का ते बघा. रोज लिमिटवर क्रेन थांबवायची सवय असेल तर तो एके दिवशी तोडणार नाही. हूकचे लॅच, तोंड उघडले आहे का, हूक पिळला आहे का. वायर रोप स्लिंगच्या एका लेमध्ये (पेडाचा एक पूर्ण वेढा होतो तेवढ्या लांबीत) विखुरलेल्या 10 किंवा एकाच स्ट्रँडमध्ये (पेडात) 5 तारा तुटल्या की ती बाद. रोप क्लॅम्पची (दोराचे दुमडलेले टोक आवळणाऱ्या क्लॅम्पची) खोगीर बाजू भार घेणाऱ्या दोरावर, यू-बोल्ट आखूड टोकावर. उलटे बसवलेले क्लॅम्प अनेक ठिकाणी दिसतात. पहिला जड लोड 100 ते 150 मिमी उचलून थांबा, ब्रेक धरतो का पाहा.

बाद केलेला बेल्ट भंगाराच्या ढिगात तसाच टाकू नका. डोळ्याजवळ (टोकाच्या लूपजवळ) कापा, मगच टाका. अख्खा दिसला तर रात्रपाळीत तो पुन्हा हूकला लागतो.