बरं व्हायची इच्छा ही उपचाराची प्रवेश फी नव्हे

‘बरं व्हायची इच्छा असली की अर्धं काम झालं’ हे मानसिक आघातावरच्या उपचारांबद्दलच्या एका लेखातलं वाक्य मला खटकलं. मनोभूमिकेचा परिणाम होतो, यात वाद नाही. पण अत्याचारातून गेलेली बाई हे वाचून ‘म्हणजे इथेही माझंच चुकतंय’ असंच म्हणेल.

आणि नेमका हाच विचार आघाताचा भाग असतो! मानसशास्त्रज्ञ एडना फोआ आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली आघातानंतरचे विचार मोजणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात स्वतःबद्दलचे आणि जगाबद्दलचे नकारात्मक विचार आहेतच, पण स्वतःला दोष देणं हा वेगळा गट आहे. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया रेसिक यांच्या कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीत (आघाताबद्दलचे विचार तपासून बदलणाऱ्या उपचारात) तर सुरुवातीलाच लिहायला सांगतात: ही घटना का घडली असं तुम्हाला वाटतं? साधारण १२ सत्रांच्या शेवटी तेच पुन्हा लिहायचं. ‘मी त्या रस्त्याने जायलाच नको होतं’ हे वाक्य तिथे कसं बदलतं, ते तिचं तिलाच दिसतं. म्हणजे मनोभूमिका उपचारातच घडते. ती घरून तयार करून आणायची नसते.

आघाताची आठवण करून देणारं सगळं टाळणं हे तर पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर होणाऱ्या मानसिक विकाराचं, लक्षणच. सत्र चुकवणाऱ्याला ‘याला बरंच व्हायचं नाही’ म्हणणं म्हणजे ताप आलेल्याला अंग गरम का, म्हणून रागावणं. त्यापेक्षा थेरपिस्टने आधी नीट समजावावं की आठवणींकडे वळल्यावर सुरुवातीला त्रास वाढू शकतो, आणि ‘आज नको’ म्हणायची मुभा द्यावी. घरच्यांनीही ‘विसर आता’ म्हणणं थांबवावं, ही कळकळीची विनंती.