आतल्या गाठीचा गुंडा

विणकामाच्या पुस्तकात पहिला धडा सुईवर टाके घालण्याचा असतो आणि नवशिक्याची फसवणूक तेथूनच सुरू होते. टाके घालायचे तर लोकर हाताशी हवी, आणि हाताने रंगवलेली चांगली लोकर बहुधा लडीच्या रूपातच हाती येते. ही लड दिसायला फार लोभस असते. दीड मीटर घेराची शेकडो वेटोळी एकत्र धरून, त्यांना दोरखंडासारखा पीळ देऊन आणि एक टोक दुसऱ्यात खोचून तिची जी जुडी केलेली असते, तिच्याकडे पाहून कोणालाही वाटावे की आता सुया घ्यायच्या आणि बसायचे. रंगवणाऱ्याची बाजू मला समजते. रंग आतपर्यंत सारखा मुरायचा तर लोकर मोकळी आणि सैलच असावी लागते. परंतु विणणाऱ्याने लडीवरूनच थेट विणायला बसणे म्हणजे गुंत्याला आवतण देणे होय. मी एकदा ते दिले होते. त्या लडीचा उरलेला भाग आजही कपाटात एका पिशवीत आहे आणि आम्ही ती पिशवी उघडत नाही.

लडीचा आधी गुंडा करावा लागतो, हे ज्ञान मला असे झाले. (लोकरीचा गुंडा आणि गल्लीतला गुंड यांच्या नावांत एका कान्याचाच फरक का असावा, हे कोडे पुढे यथावकाश सुटले.) गुंडेही दोन जातींचे असतात. पहिल्याचे टोक बाहेर असते, त्यामुळे धागा ओढला की गुंडा उडी मारतो आणि दर चार टाक्यांनी नव्या फर्निचरखाली जातो. दुसऱ्याचे कामाचे टोक पोटात असते. धागा आतून येतो आणि गुंडा जागच्या जागी गंभीरपणे बसून राहतो. शिवाय ज्याला दुपदरी विणायचे आहे, त्याला एकाच गुंड्याचे आतले आणि बाहेरचे अशी दोन्ही टोके एकदम वापरता येतात. हे वाचल्यावर बाहेरून सुटणारा गुंडा मला अगदीच गावंढळ वाटू लागला.

असा गुंडा वळण्यासाठी एक यंत्र मिळते. लड छत्रीसारख्या उघडणाऱ्या फिरत्या सांगाड्यावर चढवायची, दुसऱ्या टोकाला दांडा फिरवायचा आणि काही मिनिटांत मोकळे व्हायचे. मी ते घेतले नाही. हाताने विणायचे आणि वळायला मात्र यंत्र लावायचे, यात मला तत्त्वाशी प्रतारणा दिसली. माझ्या आयुष्यातील बहुतेक अडचणी मला तत्त्व दिसल्यामुळेच आलेल्या आहेत.

तत्त्वाला धरून जे साधन आहे, त्याचे नाव नोस्तेपिने. नाव नॉर्वेतले आहे आणि ते प्रथम ऐकल्यावर मला त्यात उत्तरेकडच्या दीर्घ हिवाळ्यांचे काही गूढ शहाणपण साठलेले असावे असे वाटले. अर्थ शोधला, तेव्हा नोस्ते म्हणजे लोकरीचा गुंडा आणि पिने म्हणजे काठी, असे निघाले. गुंड्याची काठी. वस्तूही नावासारखीच सरळ असते: वीतभर किंवा थोडी अधिक लांब, गुळगुळीत लाकडी काठी, एका बाजूला मूठ, मुठीजवळ टोक अडकवण्यापुरती खाच, आणि दुसऱ्या बाजूला किंचित निमुळती, म्हणजे गुंडा पूर्ण झाल्यावर तिकडून अलगद निघावा.

काठी येईपर्यंत दम निघेना म्हणून मी घरातल्या वस्तूंवर प्रयोग केले. पुठ्ठ्याची नळी सर्वप्रथम घेतली. लोकरीचा एक वळसा काहीच जोर लावत नाही, परंतु पाचशे वळशांचा जोर साठत जातो, हे मला त्या नळीने मधोमध चेपून दाखवले. मग लाटणे घेतले. लाटणे मध्यावर जाड असते आणि दोन्ही टोकांना बारीक असते, हे मला वर्षानुवर्षे माहीत होते. पण मुठीवर सुरू केलेला गुंडा वाढत वाढत जाड भागावर चढला, की तो मागेही येत नाही आणि पुढेही जात नाही, हे माहीत नव्हते. त्या रात्री आमच्या स्वयंपाकघरातील लाटण्याला लोकरीचे गलगंड झालेले होते. सासूबाईंनी ते पाहिले, हातात घेऊन फिरवले आणि काही न बोलता डब्यातून दुसरे लाटणे काढले.

अखेर काठी आली आणि लड धरायला माणूस हवा झाला. पाठीला पाठ लावलेल्या दोन खुर्च्यांवरही लड चढवता येते, परंतु खुर्च्या धागा सैल सोडत नाहीत. जिवंत माणसाचे हात डावीउजवीकडे झुलून प्रत्येक वेटोळे सोडून देतात. मी ह्यांना तसे समजावून सांगितले. खुर्चीपेक्षा आपण सरस ठरल्याचे ऐकून ते खूष झाले आणि हात पुढे करून बसले.

लडीला चार ठिकाणी इंग्रजी आठाच्या आकारात बंध घातलेले असतात, म्हणजे वेटोळ्यांची जागा बदलत नाही. हे बंध कापताना कात्रीखाली बंधच आहे आणि लोकर नाही, याची खात्री करून घ्यायची असते. मी चारांपैकी तीन वेळा खात्री करून घेतली.

“काय झालं?” ह्यांनी विचारले.

“काही नाही. आता चार टोकं झाली, एवढंच.”

दोन्ही तुकडे जोडून घेतले. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे सुमारे वीस सेंटीमीटरचे टोक मुठीकडे सोडून ते खाचेत अडकवायचे होते. नुसता एक वेढा किंवा सरकगाठ तेथे पुरते. पण हेच ते आतले टोक, याच्याचसाठी हा सारा खटाटोप, ते निसटले तर काय करायचे, अशा विचाराने मी तेथे एक गाठ मारली. मग तिच्यावर दुसरी मारली. या दोन गाठींचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

सुरुवातीचे दहाबारा वळसे सरळ, एकाला एक लागून घ्यायचे. त्यानंतर धागा तिरका, साधारण ४५ अंशांच्या कोनात घेत न्यायचा आणि त्याच वेळी डाव्या हाताने काठी हळूहळू स्वतःभोवती फिरवत राहायची. सरळच गुंडाळत गेले तर वळसे एकमेकांवरून घसरतात किंवा एकमेकांत रुततात; तिरका वळसा खालच्या वळशाला आडवा पडतो आणि त्याला दाबून धरतो. वाचायला हे किती सोपे आहे! प्रत्यक्षात उजवा हात गोल फिरत असताना डाव्या हाताने वेगळ्याच गतीने काठी वळवायची, म्हणजे एका हाताने डोके थोपटत दुसऱ्या हाताने पोट चोळण्याचा जो लहानपणीचा खेळ आहे, तो चाळीस मिनिटे खेळायचा. काठी फिरवायची विसरले की एकाच बाजूला उंचवटा येई. तो झाकण्यासाठी मी दोन्ही कडांना जास्त धागा घेई, आणि मग मध्ये खोलगट होऊन माझ्या गुंड्याचा डमरू होई. ह्यांनी एकदा “हे असंच असतं का?” असे विचारले. मी “सुरुवातीला असतं,” असे म्हणाले.

मध्येच, कसे कोण जाणे, हात बसला. काठी आणि धागा यांचे सूत जमले आणि तिरक्या रेघा एकमेकींना छेदून गुंड्यावर शंकरपाळ्यांसारखी नक्षी उमटू लागली, एक ओळ संपली की तिच्याशेजारी दुसरी. मी श्वास रोखून पाहत राहिले. अशा वेळी माणसाने पाहू नये, करत राहावे. पाहिले की लय जाते. लय गेली.

दरम्यान ह्यांना कंटाळा आला होता आणि आमच्या ह्यांचा कंटाळा नेहमी हिशेबाच्या रूपाने बाहेर पडतो. १०० ग्रॅमच्या बारीक लोकरीत ४०० मीटर धागा, आणि लडीचा घेर दीड मीटर. म्हणजे आपल्याला २६६ वेळा डावीउजवीकडे झुलायचे आहे, असे त्यांनी काढले. नंतर माझा हिशेब केला. सरासरी एका वळशाला वीस सेंटीमीटर धरले तर २,००० वळसे, मिनिटाला चाळीस झाले तर पन्नास मिनिटे, आणि आताचा वेग पाहता जेवण नऊच्या पुढे. हे सांगून झाल्यावर त्यांच्या नाकाला खाज सुटली. लडीत अडकलेल्या माणसाला नाक खाजवता येत नाही, हे मला त्यापूर्वी ठाऊक नव्हते. त्यांनी आधी दंडाने प्रयत्न केला, मग गुडघ्याने, आणि शेवटी मान पुढे काढून माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे इतक्या आर्जवाने कधी पाहिले नव्हते. मी काठीच्या टोकाने ते काम करून दिले. त्या हालचालीत सुमारे वीस वळसे काठीवरून खाली आले.

“अगं, ओढतेस किती!” सासूबाई प्रथमच बोलल्या. “गळा आवळतेस का तिचा?”

त्यांचे म्हणणे खरे होते. लोकर लवचिक असते. तिला ताणून गुंडाळले की ती ताणलेलीच बसून राहते, तशीच विणली जाते, आणि मग कपडा पहिल्या धुण्यात सैलावून आपल्या मूळ लांबीवर येतो, म्हणजेच आखडतो. काठी मध्ये असते ती केवळ आकारासाठी नव्हे; ती निघाली की आत पोकळी राहते आणि वळशांना अंग सैल सोडायला जागा मिळते. पण मुळात धागा आवळून घेतलेला असेल, तर बिचारी काठी तरी काय करणार? मी सैल गुंडाळायचा प्रयत्न केला. तेव्हा लक्षात आले की सैल गुंडाळण्यासाठी आधी स्वतः सैल व्हावे लागते, आणि सुंभ जळला तरी पीळ जात नाही या म्हणीतील सुंभ मीच आहे.

पीळ म्हणजे आणखी एक स्वतंत्र प्रकरण आहे. काठी फिरवून गुंडाळलेल्या गुंड्याच्या पोटातून धागा ओढला की प्रत्येक वळसा सुटताना धाग्याला एक पीळ देतो, आणि तो मूळचा पीळ वाढवतो की उलगडतो हे गुंडाळण्याच्या दिशेवर अवलंबून असते. मी दोनदा दिशा बदलली होती. म्हणजे या गुंड्यात सर्व मतांना प्रतिनिधित्व होते.

साडेनऊ वाजता शेवटचे वेटोळे ह्यांच्या हातांतून सुटले. बाहेरचे टोक मी वळशांखाली खोचले, डाव्या हातात गुंडा हलकेच धरला आणि काठी ओढली. गुंडा सरकला, निमुळत्या टोकापर्यंत आला आणि थांबला. मुठीशी मारलेल्या दोन गाठी आपले कर्तव्य बजावत होत्या. इतक्या वेळाच्या ताणाने त्या लाकडात रुतून जणू लाकडाच्याच झाल्या होत्या. नखाने सुटेनात, सुईने सुटेनात. कात्री घेतली. जागा अरुंद असल्यामुळे गाठीच्या मागे कापायचे ते पुढे कापले गेले, वीस सेंटीमीटरच्या टोकाचे एक सेंटीमीटर उरले, आणि त्याने एकदा माझ्याकडे पाहून आत डुबकी मारली.

गुंडा हातात होता. वजनाला हलका, मधोमध भोक, बाहेरून देखणा. आणि आतून, अक्षरशः, आतल्या गाठीचा.

पुढचा अर्धा तास मी त्या भोकात प्रथम करंगळी, नंतर क्रोशाची सुई घालून टोक शोधले. सुईला जे लागेल ते बाहेर ओढायचे, असे चालले होते. एक फास आला, त्याच्यामागून दुसरा आला आणि मग पोटातला मूठभर ऐवज एकदम भळकन बाहेर पडला. अनुभवी विणकरांनाही हा प्रकार अधूनमधून भोगावा लागतो आणि त्यात लाजण्यासारखे काही नसते, असे म्हणतात. पण त्या क्षणी गुंड्याला आणि मला दोघांनाही मळमळत होते. त्या पसाऱ्यात फास असंख्य होते. टोक नव्हते.

सासूबाईंनी चष्मा लावला, गुंडा माझ्या हातून घेतला, बाहेर आलेला ऐवज अंगठ्याने परत आत दडपला आणि वळशांखाली खोचलेले बाहेरचे टोक काढून माझ्यापुढे धरले.

“हे काय, इथंच तर आहे टोक.”

“ते बाहेरचं आहे. मला आतलं हवंय.”

“का?”

मी त्यांना गुंडा जागच्या जागी बसण्याचे सर्व लाभ सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले, आत जाऊन एक खोल पातेले आणले, गुंडा त्यात टाकला आणि पातेले माझ्या पायाशी ठेवले. धागा ओढला की गुंडा पातेल्यात टणटणत फिरे; पण बाहेर येत नसे.

त्या गुंड्यावर मी तीन आठवडे विणले. लोकर संपत आली तेव्हा पातेल्यात कांद्याएवढा गोळा उरला होता, मग लिंबाएवढा, मग तो दडपलेला गुंता, जो सोडवायला एक अख्खा रविवार गेला. अगदी शेवटच्या ओळीत, सुईपासून चार बोटांवर, ते आतले टोक सापडले. एक सेंटीमीटरच होते.

शालीला अजून एक लड लागणार होती. ती मी कपाटातून काढली आणि तिचा पीळ उलगडला, तेव्हा हे वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी काठीकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले, वर्तमानपत्राची घडी घातली, नाक दोन्ही बाजूंनी नीट खाजवून घेतले आणि हात पुढे केले.