पाणी कोणी सोडलं नाही, ते सांडव्यावरून गेलं

भाऊ, तुमची प्रतिक्रिया रागाची आहे, आणि त्यातला अर्धा राग रास्त आहे. म्हणून दोन ओळींत आटोपत नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: धरणामुळे पूर थांबणार होता, मग रात्री पाणी सोडून नाल्याकाठची सोयाबीन कशी खरडून नेली? खालच्या गावांना आधी कळवलं का नाही? पोळ्यापर्यंत तलाव रिकामा का ठेवत नाहीत? पाळीच्या, म्हणजे धरणाच्या मातीच्या भिंतीच्या, पायथ्याशी कायम ओल असते, तिथं सिमेंट मारायचं सोडून झाडं तोडत बसतात. उद्या रत्नागिरीतल्या तिवरे धरणासारखं हेही फुटलं तर?

आधी ‘सोडलं’ या शब्दापुरतं. विदर्भातल्या बहुतेक लघु प्रकल्पांना दरवाजे नाहीत, तुमच्या तलावालाही नाहीत. तलाव भरला की पाणी आपोआप सांडव्यावरून, म्हणजे जादा पाणी जायला ठेवलेल्या पाळीपेक्षा बुटक्या बांधावरून, पडतं. ते रात्री पडलं, कारण पाऊस संध्याकाळी झाला. अप्पर वर्धा धरणाला 13 दरवाजे आहेत, गोसीखुर्दला 33. तिथं कोणी, कधी, किती सोडलं हा प्रश्न विचारायलाच हवा. तुमच्याकडे तो कोणाला विचारणार?

भरलेला तलावसुद्धा पूर थोडा बोथट करतो. समजा पाण्याचा पसारा 2 चौरस किलोमीटर आणि सांडवा 100 मीटर लांब आहे. सांडव्यावर एक मीटर पाणी चढलं की साधारण 170 क्युमेक, म्हणजे सेकंदाला 170 घनमीटर, बाहेर पडतं. पण तो एक मीटर चढायला तलावात आधी 20 लाख घनमीटर जादा पाणी मावावं लागतं. म्हणजे दोन-तीन तासांच्या ढगफुटीसारख्या पावसात खालच्या नाल्याला लोंढा उशिरा आणि कमी येतो. दोन दिवस झड लागली तर मात्र जेवढं वरून येईल तेवढंच खाली जाणार. हे धरण सिंचनाचं आहे, पुराला मिळणारा आडोसा हा वरकड फायदा. ‘पूर थांबेल’ असं उद्घाटनाच्या भाषणात कोणी म्हटलं असेल, तर ते भाषणापुरतंच होतं.

रिकामं ठेवायचं म्हटलं तरी पाणी काढणार कुठून? वाट एकच, कालव्याचा विमोचक, म्हणजे पाळीखालून कालव्यात पाणी सोडणारा नळ. तो पूर्ण उघडून 2 क्युमेक सुटतात असं धरा. दिवसाला पावणेदोन लाख घनमीटरही होत नाहीत. 10 दलघमी (दशलक्ष घनमीटर) साठा उतरवायला जवळपास दोन महिने लागतील. जुलैच्या एका रात्रीत तो परत भरतो. आणि पोळ्यानंतर पाऊस रुसला, तर हरभऱ्याला पाणी नाही म्हणून तुम्हीच मोर्चा आणाल, आणि तोही चुकीचा नसेल.

आता जे गावात कोणी बोलत नाही ते. तलाव अर्धा मीटर जास्त भरावा म्हणून सांडव्याच्या माथ्यावर रेतीची पोती रचतात. मासे जाऊ नयेत म्हणून जाळी बांधतात, तिच्यात बेशरमाची झुडपं आणि काडीकचरा अडकून तीही भिंतच होते. वरच्याच उदाहरणातल्या सांडव्यावर दीड मीटर पाणी चढलं तर 310 क्युमेकच्या आसपास जातं. अर्धा मीटर पोत्यांनी खाल्ला की त्याच पातळीला उरतात 170. उरलेलं पाणी तलाव चढवत राहतं. मातीच्या पाळीवरून एकदा पाणी वाहायला लागलं की खालचा उतार खरडत जातो आणि काही तासांत खिंड पडते. धरण फुटण्याची एवढी भीती असेल तर सुरुवात इथून करा. सांडव्याखालच्या चरात कोणी तूर पेरली असेल, तर तेही बघा.

ओलीचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण तुमचा उपाय धोक्याचा आहे. मातीचं धरण झिरपतंच. मधे काळ्या मातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरुमाचं आवरण, आत रेती-खडीची गाळणी, पायथ्याला दगडी टाच आणि चर; ही सगळी रचना पाणी हळूहळू, माती न नेता बाहेर पडावं म्हणूनच असते. तोंडाशी सिमेंट मारलं की पाणी थांबत नाही, आत कोंडतं. पाळीतली ओलाव्याची रेषा वर चढते, खालचा उतार जड होऊन घसरतो, किंवा पाणी दुसरीकडून फुटतं.

म्हणून ओल आहे का, यापेक्षा पाणी गढूळ आहे का आणि वाढतंय का, हे बघायचं. पायथ्याच्या चरात झिरपलेलं पाणी मोजायला काटकोनी खाचेची पत्र्याची पट्टी असते. खाचेवर 5 सेंटिमीटर पाणी म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर. 10 सेंटिमीटर म्हणजे दीड नव्हे, सुमारे साडेचार लिटर. उंची दुप्पट झाली तर पाणी साडेपाच पटींहून जास्त होतं, हे डोळ्याला कळत नाही. तलावाची पातळी तीच असताना खाचेवरचं पाणी वाढलं, तर काहीतरी बिघडलंय. पारदर्शक बाटलीत ते पाणी भरून रात्रभर ठेवा. तळाशी गाळ बसला तर आतली माती वाहतेय.

जमिनीतून रेतीसकट पाणी उकळ्या मारत असेल, तर भोवती पोत्यांचं कडं करून आधी जाड रेती, वर बारीक खडी, वर दगड, असे थर टाकायचे. पाणी निघू द्यायचं, माती अडवायची. काळी माती किंवा ताडपत्री टाकून बुजवायचं नाही. सगळ्यात नाजूक जागा विमोचकाच्या नळाभोवतीची. तिथं भराव नीट दाबला जात नाही. पानशेत 12 जुलै 1961 ला फुटलं, तिथंही विमोचकावरचाच भराव खचला होता.

झाडं तोडणं बरोबरच, पण अर्धवट तोडलं तर वाईट. बाभूळ वरून कापली आणि मूळ आत कुजलं, की पाण्याला आयता नळ मिळतो. मूळ खणून काढून खड्डा ओलसर मातीच्या 15-15 सेंटिमीटरच्या थरांनी ठोकून भरायला हवा. उन्हाळ्यात काळी माती तडकते, त्या भेगांचंही तेच. चुन्याचं पाणी ओतायचं, खणत जायचं, पांढरी रेघ संपली की अजून फूटभर खाली जायचं आणि मग ठोकून भरायचं. वरून ट्रॅक्टरभर मुरूम टाकला की भेग फक्त झाकली जाते. पाळीच्या लांबीची भेग एक वेळ परवडली. तलावाकडून गावाकडे आडवी गेलेली नाही.

तिवरे 2 जुलै 2019 ला फुटलं, आणि खापर खेकड्यांवर फोडलं गेलं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. त्यामुळे तुम्ही ओरडताय ते बरंच आहे, आणि सांडवा वाहण्याआधी खालच्या गावांना कोणी कळवलं नाही, ही तुमची तक्रार तर शंभर टक्के खरी आहे. दरवाजे नसले तरी तलाव 90 टक्क्यांवर गेल्याचं कोतवालाकरवी सांगता येतं. 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यात बसणाऱ्या धरणांची पावसाळ्याआधी आणि नंतर तपासणी सक्तीची आहे. 15 मीटरहून उंच सगळी त्यात येतात, 10 ते 15 मधली काही अटींवर. तुमचं बसत असेल तर ग्रामपंचायतीच्या ठरावाने त्या तपासणीची प्रत मागा.

आणि शाखा अभियंत्याला फोन कराल तेव्हा ‘धरण गळतंय’ एवढंच सांगू नका. पाळीवरच्या कोणत्या साखळी-दगडाजवळ (अंतराचे आकडे लिहिलेले दगड), पायथ्यापासून किती फूट वर, पाणी स्वच्छ की गढूळ, खाचेवर किती सेंटिमीटर आणि त्या वेळी तलावाची पातळी काय, हे सांगा. सोबत मोजपट्टी धरून काढलेला फोटो पाठवा.