अलिबाग ते मुरूड: आधी पंचांग, मग बुकिंग

कोकणात जायचं ठरलं की आपण किनाऱ्यांची यादी करतो, हॉटेलांचे फोटो बघतो, सुट्ट्या जुळवतो, आणि जेवायचं कुठे हा प्रश्न थेट गाडीत भूक लागल्यावर येतो. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा करावा. आधी भिंतीवरचं पंचांग काढून तिथी बघा, मग त्या महिन्यात शेतात आणि खाडीत काय असतं ते बघा, मग कुणाच्या घरी जेवायचं ते ठरवा. राहायच्या खोलीचा नंबर सगळ्यात शेवटी. अलिबाग ते मुरूड या पट्ट्यापुरतं तरी मी हे अगदी खात्रीने सांगते. माझं आजोळ तिथलं.

हे अंतर सुमारे 50 किलोमीटर. मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लेखी हा शनिवार-रविवारचा किनारा आहे. वाळूवर गाड्या फिरवायच्या, रात्री स्पीकर लावायचा, सोमवारी कामावर हजर. याचं मला मनापासून वाईट वाटतं. एवढ्याशा पट्ट्यात कोळ्यांची, आगऱ्यांची, नारळी-पोफळीच्या वाड्या राखणाऱ्यांची, बेने इस्रायलांची, कोकणी मुसलमानांची आणि कोर्लईच्या ख्रिस्ती घरांची अशा वेगवेगळ्या चुली शेकडो वर्षं पेटत आल्या आहेत. आणि आपण तिथे जाऊन पनीर आणि नूडल्स मागवतो.

आता पंचांगाचं सांगते. अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे आणि ओहोटीला तिथे चालत जाता येतं. भरतीची वेळ काढायला जुनी माणसं तिथीला पाऊणने गुणतात. चतुर्थी असली तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी नऊला, ओहोटी. हा हिशोब अष्टमीला लावला तर भर दुपारी बाराला ओहोटी येते, सोयीची वाटते, पण अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ते पुरतं हटत नाही. म्हणून अमावास्या किंवा पौर्णिमा झाली की द्वितीया ते चतुर्थी हे दिवस धरावेत. सकाळी पाणी लांब गेलेलं असतं, ऊन चढायच्या आत किल्ला बघून परत येता येतं. किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारल्याशिवाय मात्र पाण्यात पाय घालू नका.

याच तिथ्यांचा दुसरा फायदा ताटात दिसतो. इथले कोळी बोंबील, जवळा, करंदी पकडायला डोलीची जाळी लावतात. ही जाळी एका जागी बांधलेली असते आणि पाण्याची ओढ मासळी तिच्यात आणून घालते. उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या दिवसांत ओढ जोरात, म्हणून जाळंही भरलेलं. ज्या दिवसांत किल्ल्याची वाट उघडते त्याच दिवसांत बाजारात ताजा बोंबील असतो. एकदा हे कळलं की तारीख ठरवायला दुसरं काही लागत नाही.

महिना कोणता, याचं माझं उत्तर ठरलेलं आहे: जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. या दिवसांत शेंगा भरलेल्या असतात आणि संध्याकाळी शेताच्या बांधावर पोपटी लागते. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये बटाटे, अंडी, मसाला लावून पानात गुंडाळलेली कोंबडी, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाल्याचा घट्ट बोळा. मडकं उलटं ठेवून भोवती पेंढा, पालापाचोळा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा नाही. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की झाली. भांबुर्डा एरवी बांधावर उगवणारं रानटी झाड, कोणी त्याच्याकडे बघतही नाही, पण त्याचा तो उग्र वास शेंगांना लागला नाही तर ती पोपटी नव्हे. आता ‘पोपटी पार्टी’ अशा पाट्या लागतात आणि काही ठिकाणी गॅसवर शिजवलेल्या शेंगा मडक्यात भरून देतात. शेतावर, डोळ्यांसमोर लावणाऱ्यांकडेच जा.

याच सुमाराला पांढरा कांदा निघायला लागतो. अलिबागच्या या कांद्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रस्त्याच्या कडेला त्याच्या विणलेल्या माळा टांगलेल्या दिसतात. तिखटपणा इतका कमी की तांदळाच्या भाकरीबरोबर नुसता खाता येतो. घ्यायचा तर शेतकऱ्याच्या मांडवातून घ्या. मानांकन मिळाल्यापासून कुठलाही पांढरा कांदा अलिबागचा म्हणून खपवतात.

वालाचं बिरडं खायचं असेल तर निदान दोन दिवस आधी फोन करायला हवा. कडवे वाल भिजवायचे, मोड आणायचे, मग एकेक सोलायचा. बसल्यावर पंधरा मिनिटांत मिळेल असा हा पदार्थच नाही. जिताडा या माशाचंही तसंच. अलिबागच्या पूर्वेला खारेपाटात घराजवळच्या तळ्यांत जिताडा वाढवतात आणि मानाचा पाहुणा आला की काढतात. सरसकट सगळ्या खानावळींत सुरमई-पापलेटची थाळी झाली आहे, कारण आपण दुसरं काही मागतच नाही. मांदेली विचारा, खुबे विचारा, चिंबोऱ्या विचारा. घरगुती जेवण देणाऱ्या बाईंना आदल्या दिवशी सांगा, ‘तुमच्याकडे उद्या जे शिजणार तेच आम्हाला द्या.’ त्यांच्या आवाजातला फरक फोनवरसुद्धा कळतो.

आता चौल-रेवदंडा. इथे लोक दत्ताच्या टेकडीवर जाऊन परत फिरतात, आणि एवढं जुनं गाव हातचं जातं. पहिल्या शतकातल्या ग्रीक दर्यावर्दी नोंदींमध्ये या बंदराचं नाव आहे. 1469 च्या सुमाराला अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला घोडा घेऊन इथे उतरला आणि इथून घाट चढून जुन्नरला गेला. आपल्यामागे गोऱ्या माणसाला बघायला गर्दी लोटते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. रेवदंड्यात त्याचं स्मारक आहे. 1521 पासून पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला आणि 1740 मध्ये तो मराठ्यांकडे आला. आजचा डांबरी रस्ता त्या तटातूनच जातो. गाडी थांबवून आत शिरलं की माडांच्या वाड्यांमध्ये सातखणी बुरूज उभा आहे, पडझड झालेला, तरी नजर वर खेचणारा. हे अवशेष वाड्यांमधून विखुरलेले आहेत, म्हणून मालकांना विचारून फिरावं. कुणी नाही म्हटलेलं मला आठवत नाही, उलट शहाळं हातात ठेवतात. त्याआधी आक्षीला पाच मिनिटं थांबून शके 934 चा, म्हणजे इसवी सन 1012 चा मानला जाणारा मराठी शिलालेख जरूर बघा.

रेवदंड्यात आणि अलिबागेत सिनेगॉग आहेत, हे कित्येकांना ठाऊक नसतं. नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटून आपले पूर्वज इथे आले, असं बेने इस्रायल समाज परंपरेने सांगतो. ते तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. आडनावं किहीमकर, नवगावकर, दिवेकर, बोली मराठी. मंगलप्रसंगी एलिया प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. पोहे, ओला नारळ, साखर किंवा गूळ आणि फळं. कोकणातल्या कुठल्याही घरात सापडेल अशा जिनसांतून ज्यू धर्माचा नैवेद्य झाला, हे मला फार मोठं वाटतं. बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली, मोजकी उरली आहेत. तेव्हा सिनेगॉगला जाताना आधी विचारून जावं, शनिवार टाळावा, आणि प्रार्थनास्थळात वागतो तसं वागावं.

खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई. किल्ला लांबट डोंगराच्या पाठीवर आहे. वरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कुंडलिकेची खाडी, समोर रेवदंडा. या पट्ट्यात एकच जागा बघायला वेळ असेल तर मी हीच सांगेन. पायथ्याच्या वस्तीत आजही पोर्तुगीजपासून तयार झालेली बोली बोलतात. पोर्तुगीज जाऊन पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी ती घरात टिकून आहे. कृपा करून त्या लोकांसमोर मोबाइल धरून ‘जरा तुमच्या भाषेत बोलून दाखवा’ असं म्हणू नका. मी हे होताना पाहिलं आहे. त्यांच्याशी मराठीत गप्पा मारा, ती त्यांनाही येते.

काशीदबद्दल मी काही लिहीत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यापेक्षा फणसाड अभयारण्यात एक सकाळ घाला.

मुरूडला मुक्काम करा आणि जंजिऱ्याला पहिल्या होडीने जा. राजपुरीहून शिडाची होडी निघते. दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही, आणि दिसला की शेजारी पंजांत हत्ती पकडलेला शरभ कोरलेला. शिवाजी महाराजांना आणि संभाजी महाराजांनाही हा किल्ला घेता आला नाही. 1682 मध्ये संभाजी महाराजांनी समुद्रात भराव टाकून वाट करायचा प्रयत्न केला होता. जंजिऱ्यावर राज्य करणाऱ्या सिद्दींचं संस्थान 1948 मध्ये भारतात विलीन झालं. तटावरून पलीकडचा, शिवाजी महाराजांनी सिद्दींना शह द्यायला उभारलेला पद्मदुर्ग दाखवून मुलांना हे सांगा, इतिहासाचा धडा तिथे आपोआप कळतो. दुपारचं जेवण राजपुरी किंवा मुरूडमधल्या एखाद्या कोकणी मुसलमान घरात आधी सांगून ठेवलं असेल तर उत्तम: तांदळाची रोटी आणि नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण. त्याच समुद्रातली मासळी, पण कोळीवाड्यातल्या तिखट आंबट बोंबलानंतर याची चव किती सौम्य लागते, ते ज्याने चार दिवस क्रमाने खाल्लं त्यालाच समजतं. म्हणून म्हणते, एका दिवसात अलिबाग-मुरूड उरकू नका.

मुंबईकरांनी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाडीसकट रो-रो बोटीने यावं, वडखळच्या कोंडीतले तास वाचतात. आणि ज्यांच्याकडे आणखी दोन दिवस असतील त्यांनी आगरदांड्याहून जंगलजेटीत, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीत, गाडी चढवून दिघीला उतरावं. पुढे दिवेआगर, श्रीवर्धन. तिथल्या रोठा सुपारीच्या वाड्या आणि तिथलं जेवण हा स्वतंत्र विषय आहे, त्यावर पुढच्या पोस्टमध्ये लिहिते.