लाल दिव्याने शेकाचा थकवा जात नाही

कॅन्सरच्या पेशंटच्या नातेवाइकांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: रेडिएशनने, म्हणजे शेकाने, शरीरातली ‘प्रकाशऊर्जा’ संपते, म्हणून माणूस गळून जातो. लाल दिव्यासमोर डोळे मिटून रोज अर्धा तास बसवा, आठवड्यात ताकद परत येईल. अमेरिकेत हे सिद्ध झालंय. तोवर पेशंटला अंथरुणातून उठू देऊ नका. खाली दिव्याची किंमत. यात खऱ्याचा एक कण मिसळलेला आहे, म्हणून तो जास्त घातक.

प्रकाशऊर्जा नावाचा कुठलाही साठा शरीरात नसतो. शेक चालू असताना आसपासच्या निरोगी पेशींनाही इजा होते, दाह वाढतो, जेवण जात नाही, झोप मोडते, कुणाचं हिमोग्लोबिन उतरतं, आणि वर रोजची हॉस्पिटलची ये-जा. थकवा बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून जाणवतो, उपचार संपत येताना सगळ्यात जास्त असतो आणि नंतर काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत ओसरतो. एवढ्यावरून आजार वाढला, असं घरच्यांनी धरून चालू नये.

आता ‘अमेरिकेत सिद्ध’. सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या सोनिया अँकोली-इस्राएल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरसाठी केमो घेणाऱ्या ३९ बायका होत्या. काहींना रोज सकाळी अर्धा तास प्रखर पांढरा प्रकाश दिला, काहींना मंद लाल. पांढरा मिळालेल्यांचा थकवा वाढला नाही, लाल मिळालेल्यांचा वाढला. म्हणजे मेसेज जो दिवा विकतोय, त्याच रंगाचा मंद दिवा त्या अभ्यासात निव्वळ तुलनेसाठी ठेवला होता! शिवाय हा अभ्यास केमोचा, शेकाचा नव्हे.

पांढऱ्या प्रकाशाचाही निकाल पक्का लागलेला नाही. नेदरलँड्समध्ये लिम्फोमातून (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमधून) बऱ्या झालेल्यांना १०,००० लक्सचा (लक्स हे उजेड मोजण्याचं माप) प्रखर किंवा अगदी मंद, असे दोन्ही पांढरे दिवे देऊन पाहिले. थकवा दोन्ही गटांत कमी झाला, फरक दिसला नाही. करून बघण्यासारखा उपाय आहे, हमीचा नाही, एवढंच मी म्हणेन.

‘डोळे मिटून’ ही सूचना तर मूळ कल्पनेलाच छेद देते. प्रकाशाचा परिणाम अपेक्षित असतो तो डोळ्यांतून. दृष्टिपटलातल्या काही पेशी निळसर प्रकाश टिपतात आणि मेंदूतल्या झोप-जागेच्या घड्याळाला सकाळ झाल्याचं कळवतात. लाल प्रकाश त्यांना फारसा जाणवतच नाही. डोळे उघडे हवेत; दिव्याकडे टक लावून मात्र बघायचं नाही.

लाल प्रकाशाचा खरा उपयोग वेगळाच आहे. तोंडा-घशाच्या कॅन्सरला शेक देताना तोंड सोलून निघतं, पाण्याचा घोटही झोंबतो. ते टाळण्यासाठी काही हॉस्पिटलांत कमी शक्तीचा लाल लेसर तोंडात देतात, ठरलेल्या मात्रेत, प्रशिक्षित माणसाच्या हातून. तंबाखूमुळे आपल्याकडे हे पेशंट भरपूर, त्यामुळे ऐकीव माहितीची सरमिसळ झाली असावी. घरच्या दिव्याने ते काम होत नाही.

सगळ्यात जास्त राग मला अंथरुणाच्या सल्ल्याचा येतो. उपचार चालू असतानाच्या थकव्यावर ज्या उपायाला सर्वांत भक्कम पुरावा आहे तो म्हणजे झेपेल तेवढी हालचाल. आठ-आठ दिवस पडून राहिलं की स्नायू आणखी ढिले पडतात, रात्रीची झोप उडते, आणि उठणं अधिकच जड होतं. दुपारी थोडं पडावं, जरूर पडावं. पण सकाळी चहा झाल्यावर गॅलरीत किंवा इमारतीखाली सावलीत दहा मिनिटं चालवा. घरातल्या ट्यूबलाइटखाली शे-दोनशे लक्स असतात, तर बाहेर सावलीतही काही हजार. एकाच फेरीत चालणंही होतं आणि प्रकाशही मिळतो, पैसे न मोजता. शेक दिलेल्या जागेवर मात्र थेट ऊन नको.

पांढरा दिवा घ्यायचाच असेल तर आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना विचारा. दृष्टिपटलाचा आजार, बायपोलरचा (मनःस्थिती टोकाची वरखाली होण्याचा) त्रास किंवा प्रकाशाची संवेदनशीलता वाढवणारी औषधं असतील तर तो त्रासदायक ठरू शकतो. आणि थकवा एकाएकी वाढला, धाप लागली किंवा ताप आला, तर दिवा-बिवा बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. रक्त कमी झालंय की इन्फेक्शन झालंय, ते तपासल्याशिवाय कळत नाही.